काँटेसाचा गंज आणि मागची काच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांना नवं रूप देण्यावरचा लेख वाचला. फोटो झकास होते. पण ‘गंजलेली गाडी घेऊ नका’ आणि ‘व्हिंटेज नोंदणी केली की काळजी मिटली’ हे त्यातले दोन सल्ले आमच्या भागात कुणी जसेच्या तसे धरले, तर चांगली गाडी भट्टीत जाईल आणि वाईट गाडीपायी माणूस कर्जात जाईल. मी जालन्यात एकेचाळीस वर्षं डेंटरचं, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करायचं काम केलं. आता गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून दुकान पोराच्या हवाली केलंय. लिहायला वेळ आहे.

लेख आल्यावर तिसऱ्याच दिवशी घनसावंगी तालुक्यातला एक मुलगा कात्रण खिशात घालून दुकानात आला. “मामा, आमच्या शेतातल्या आखाड्यावर काँटेसा उभी आहे. घेऊ का भंगारात जाऊ देऊ, एकदा बघून सांगा.” गाडी त्याच्या चुलत आजोबांची. ते गेल्यावर चुलत्यांनी इंजिन विकलं, ते कुणाच्या तरी जीपमध्ये जाऊन बसलं. मग गिअरबॉक्स गेला, मग सीट, मग मीटर. उरलेल्या खोक्याचे चुलते साठ हजार मागतायत, कारण पुरवणी त्यांच्याकडेही येते. भंगारवाल्याने चौदा हजार सांगितले होते.

काँटेसाला आपल्याकडची मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची दांडगी गाडी म्हणतात. लांब बोनेट, रुंद बसकी चाल, मागच्या चाकांना ताकद, त्यामुळे तसं म्हणायला जागा आहे. पण हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली ती काढली तेव्हा आत ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. अमेरिकेत १९६४च्या पाँटियाक जीटीओत साधारण ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलेलं होतं, म्हणजे चौपटीहून जास्त. आमचा पैलवान नुसता अंगाने मोठा. एका गिऱ्हाइकाची तसली काँटेसा मी चौक्याच्या घाटात चालवलीय, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला होता. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे गाडीला तिचं रूप शोभायला लागलं. २००२च्या सुमारास ती बंदच झाली.

तर आम्ही आखाड्यावर गेलो. गाडी लिंबाखाली, अर्धी पत्र्याच्या शेडमध्ये. बोनेटवर कडबा, मागच्या सीटच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली. वरून बघाल तर घाबराल, टपापासून डिकीपर्यंत सगळी तांबडी. मुलाचं तोंड उतरलं. मी त्याला म्हटलं, हा गंज कामाचा नाही, म्हणजे काळजीचा नाही. मराठवाड्यातली हवा कोरडी. रंग उडालेल्या पत्र्यावर तांबूस साय धरते आणि वर्षानुवर्षं तिथेच थांबते. पॉलिश पेपर मारला की खाली पांढरा पत्रा दिसतो. कोकणातली गाडी असती तर हात लावल्यावर टप खाली आला असता.

आमच्याकडे गाडी मरते ती खालून. काळ्या रानात पावसाळ्यात पाणी मुरतं ते लवकर हलत नाही. टायर बसलेली गाडी पोट टेकून त्या ओलीवर वर्षं काढते. म्हणून मी आधी बोनेट उघडत नाही. जॅक मागवतो. पायदानाखालच्या पट्टीला, ज्याला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, तिथे जॅक लावून हळूहळू उचलतो. काँटेसाला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं खोकं हेच तिचं हाड. डाव्या बाजूला जॅक चढला, पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि जॅकची टाच बोटभर आत गेली. उजव्या बाजूला गाडी उचलली गेली. मग गाडी उचललेली असतानाच मी दारं लावून बघितली. खोकं वाकत असेल तर दार खांबाला घासतं, कुलपाचा मेळ बसत नाही. चारही दारं लागली. डाव्या पुढच्या दाराला थोडा झोल होता, पण तो बिजागरीचा, खांबाचा नाही. हा फरक कळायला दाराखाली हात घालून ते वर उचलायचं आणि डोळा बिजागरीवर नव्हे, बिजागरी जिथे खांबाला बसते त्या पत्र्यावर ठेवायचा. पत्रा हलला तर चहा पिऊन घरी या.

मग स्क्रू ड्रायव्हर. आमचे उस्ताद सांगायचे, आँख से मत देख, टोच के देख. ड्रायव्हरच्या पायाखाली टोचलं तर स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला आणि टोकाला काळी माती घेऊन वर आला. पुढचा क्रॉस मेंबर, जिथे इंजिन आणि पुढची चाकं धरलेली असतात, तिथे टोचलं, ठोकलं. खणखणीत. मागच्या ॲक्सलच्या पकडी खणखणीत. शेवटी फडक्यात गुंडाळलेलं स्पीकरचं चुंबक सगळ्या अंगावरून फिरवलं. मागच्या उजव्या मडगार्डवर ते धरेना. तिथे पूर्वी कुणीतरी पत्रा न ठोकता वीतभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवलेली. (कुणी ते मला कळलं. नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत.)

थोडक्यात काय, फ्लोअर आणि एक रनिंग बोर्ड. २० गेज जाडीचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा, जालन्यात वाटेल तेवढा मिळतो. माझ्या पोराला आणि एका हाताखालच्याला तीन आठवड्यांचं काम. एवढ्यासाठी गाडी मरत नाही. तुमच्या लेखकाने गंज मोजला, पण रिकाम्या जागा मोजल्या नाहीत.

माझा नातू मोबाइलवर अमेरिकेतल्या मसल गाड्या दुरुस्त करतानाचे व्हिडिओ बघतो. मीही बघतो, हात चांगले आहेत लोकांचे. पण तिथे साठच्या दशकातल्या मस्टँगचा किंवा कमॅरोचा पत्रा नव्याने दाबून विकतात. फ्लोअर, मडगार्ड, दार, अगदी अख्खं खोकंसुद्धा मिळतं. काचा, रबर, पट्ट्या कॅटलॉगमध्ये. त्यांचा प्रश्न असा की मूळ इंजिनचा नंबर जुळतो का, आणि खर्च करून बाजारात तेवढी किंमत येईल का. आपलं उलटं आहे. पत्रा हाताने घडवणारा माणूस इथे गल्लीत आहे, पण काँटेसाची मागची काच कुठल्याच गल्लीत नाही. पुढची काच थरांची असली तर दुसऱ्या मोठ्या काचेतून कापून बसवणारे कारागीर मी बघितलेत. मागची टफन्ड असते. ती एकदा पक्की झाली की कापता येत नाही, कापायला गेलात तर तिची रांगोळी होते. ह्या गाडीला मागे काचेच्या जागी प्लायवूड ठोकलंय. मीटर नाहीत, मागचे दिवे नाहीत, डिकीच्या कडेचं रबर उंदरांनी नेलं. मी कागदावर नसलेल्या वस्तू लिहायला घेतल्या आणि पाठपोट कागद भरला.

आता कागदांचं. व्हिंटेज नोंदणीचा केंद्राचा नियम २०२१ साली आला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, तीही मूळ रूपातली, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली. फी वीस हजार, नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नसते, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे १९८४ची पहिली काँटेसासुद्धा २०३४च्या आधी त्या रांगेत उभी राहू शकत नाही. तोवर तिला साध्या गाडीचाच रस्ता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवायची, वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. इंजिन दुसरं घातलं तर त्याची नोंद करायची. मालक वारला असेल तर वारसाने नमुना ३१ भरायचा. पुरवणीतल्या लेखात यातलं अक्षर नव्हतं.

आणि एक ओंगळ गोष्ट. त्या मुलाला एका दलालाने सांगितलं होतं, “कागद चांगले असतील तर नंबरचा पत्रा कापून दुसऱ्या खोक्याला जोडू.” असलं काम घेऊन माझ्याकडेही लोक आलेत. तो गुन्हा आहे, आणि चांगल्या वेल्डरला तो जोड लांबूनही दिसतो.

आम्ही नंबर शोधला. तेल-ग्रीसची पुटं रॉकेलच्या फडक्याने पुसली, वर कागद धरून पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. मुलाने आजोबांच्या ट्रंकेतलं जुनं आरसी बुक आणलं होतं, म ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबराचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. चेसिस नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. मुलगा तो कागद हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा होता.

मी त्याला सांगितलं ते असं. साठ हजार देऊ नकोस, भंगाराच्या भावावर पाच हजार चढव आणि चुलत्यांच्या, आत्यांच्या सगळ्यांच्या सह्या आधी घे. विकायसाठी करत असशील तर करू नकोस, लावलेला पैसा परत येत नाही. आजोबांची म्हणून करत असशील, तर इंजिनच्या आधी काच शोध. काच मिळाली तर पत्र्याची मजुरी मी पोराला घेऊ देणार नाही. पोराला हे अजून सांगितलेलं नाही, पेपरातूनच कळेल.

आमचं गाव लोखंडी सळईच्या कारखान्यांचं आहे. भंगाराचा ट्रक इथे भट्टीपर्यंत जायला वेळ लागत नाही. कितीतरी फियाट, ॲम्बेसेडर माझ्या डोळ्यांदेखत गेल्या, त्यातल्या काहींचे मडगार्ड मीच ठोकून सरळ केलेले. म्हणून विनंती. लातूर, बीड, परभणी, नांदेड, कुठेही कुणाच्या वाड्यात, बंद गॅरेजात, माळ्यावर काँटेसाची मागची काच पडून असेल, ओरखडे असले तरी चालेल, तर आपल्या कार्यालयात कळवावं. आणताना आडवी ठेवू नये, गोधडीत गुंडाळून उभी आणावी.

आपला,
एक निवृत्त डेंटर, जुना जालना