तक्रार पत्र : अपडेटमुळे नष्ट झालेला १८७ तासांचा खेळ आणि ग्राहक सेवेने दिलेली वागणूक

नागपूर
दिनांक : १० जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तक्रार निवारण विभाग

विषय : २२ जून २०२५ च्या अपडेटने माझ्या सर्व सेव्ह फाइल (खेळातील प्रगती साठवणाऱ्या फाइल) निकामी केल्याबाबत, तसेच ९ जुलै रोजी आपल्या प्रतिनिधीने केलेल्या अपमानास्पद संभाषणाबाबत.

महोदय,

काल सायंकाळी आपल्या ग्राहक सेवेशी माझे पाचवे संभाषण झाले. त्यानंतर फोन करण्यात काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

आपला रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे संगणकावर एका पात्राची भूमिका घेऊन त्याची गोष्ट पुढे न्यायचा खेळ, मी १२ जानेवारी रोजी आपल्याच ऑनलाइन दुकानातून ३,९९९ रुपयांना घेतला आणि एप्रिलमध्ये त्याचा विस्तारित भाग १,४९९ रुपयांना घेतला. दोन्ही पावत्या माझ्या खात्यावर दिसतात. २१ जूनच्या रात्री मी खेळ बंद केला तेव्हा खेळलेला वेळ १८७ तास होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अपडेट आपोआप उतरले आणि जुन्या सेव्ह नव्या स्वरूपात बदलल्या जात असल्याची सूचना पडद्यावर येऊन गेली. तेव्हापासून एकही सेव्ह उघडलेली नाही. लोडिंगची पट्टी जवळजवळ शेवटपर्यंत जाते आणि खेळ बंद पडतो. मी स्वतः केलेल्या सेव्ह असोत की आपोआप झालेल्या, अकराही फाइलींची तीच गत आहे.

बिघाड माझ्या संगणकात नाही. नव्याने खेळ सुरू केला तर तो दोन तास न अडखळता चालतो. आपल्या अपडेटने जुन्या फाइलची प्रत बाजूला न ठेवता मूळ फाइलवरच नवे स्वरूप लिहिले, आणि मला काही कळण्याच्या आत क्लाउडने, म्हणजे सेव्हच्या प्रती आपोआप आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या सोयीने, त्या बिघडलेल्या फाइलींची तारीख अलीकडची पाहून सर्व्हरवरच्या चांगल्या प्रतींच्या जागी त्याच बसवल्या. ज्या सोयीवर विसंबून मी पेनड्राइव्हवर वेगळी प्रत ठेवली नव्हती, त्याच सोयीने शेवटची चांगली प्रत पुसली. मी सोळा वर्षे हिशेबाच्या कामात आहे. नवी संगणक प्रणाली येते तेव्हा जुन्या नोंदींची प्रत सुरक्षित असल्याची खात्री झाल्याशिवाय आम्ही एका रकमेलाही हात लावत नाही. इतकी साधी शिस्त आपल्या अपडेटमध्ये का नव्हती, याचे उत्तर मला पाच संभाषणांत आणि तीन ईमेलनंतरही मिळालेले नाही.

आता कालच्या संभाषणाविषयी. ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या नोंदीत त्याचे वर्णन 'ग्राहकास मार्गदर्शन केले' एवढेच आहे.

फोन सहा वाजून दहा मिनिटांनी लागला आणि एकूण बेचाळीस मिनिटे चालला. त्यातली एकतीस मिनिटे मी नुसती थांबून होते. बोलणे हिंदीतून झाले, त्याचा आशय मराठीत देते. मी तक्रार क्रमांक, अपडेटची तारीख आणि क्लाउडवरच्या प्रतींचे काय झाले ते क्रमाने सांगितले. प्रतिनिधीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मॅडम, मुलगा घरी आहे का? त्याला फोन द्या, मी त्याला समजावून सांगतो." मी म्हणाले की खेळणारी मी आहे, खाते माझ्या नावावर आहे आणि पैसेही मीच भरले आहेत. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग तुमच्या मिस्टरांना द्या." मी पुन्हा तेच सांगितले. त्यावर सेव्ह फाइल कुठे असते हे मला ठाऊक आहे का, असे त्याने विचारले. मी फोल्डरचा संपूर्ण मार्ग वाचून दाखवला, प्रत्येक फाइलचा आकार सांगितला, आणि अकराही फाइलींवर बदलाची वेळ २२ जून, सकाळी नऊ वाजून सोळा मिनिटे अशी एकच असल्याचे दाखवून दिले. एका मिनिटात अकरा फाइली कोणी हाताने बिघडवू शकत नाही, हेही सांगितले. त्याचे उत्तर होते, "घरात लहान मुलं असली की असं होतं."

माझ्या घरात मी आणि माझी सत्तर वर्षांची आई अशा दोघीच राहतो. त्या संगणकाला आईने आजवर हात लावलेला नाही. ती फक्त रात्री शेजारी बसून खेळातला माझा घोडा पाहत असे आणि गेले अठरा दिवस तो कुठे गेला म्हणून विचारते आहे. मी हे प्रतिनिधीला सांगितले नाही, कारण तोवर माझा आवाज चढला होता. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, गेमच तर आहे. पुन्हा सुरुवातीपासून खेळा, दुसऱ्यांदा जास्त मजा येते." मी वरिष्ठांशी बोलणे करून मागितले, तेव्हा वरिष्ठही हेच सांगतील असे उत्तर मिळाले. आणि माझी तक्रार निकाली काढल्याचा संदेश माझ्या फोनवर आला तेव्हा आमचे बोलणे अजून चालूच होते.

'गेमच तर आहे' हे वाक्य हा खेळ विकणाऱ्या कंपनीच्या तोंडून यावे, याचा मला सर्वाधिक राग आहे. आपण काय विकता ते आपल्याच माणसांना ठाऊक नसेल, तर मी सांगते. या रोल-प्लेइंग प्रकारच्या खेळांची परंपरा १९७४ सालच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून येते. तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ होता, आणि खेळाडूने कोणाला वाचवले, कोणाशी वैर घेतले, हे सगळे ध्यानात ठेवून पुढची गोष्ट वळवणारा एक सूत्रधार त्या टेबलापाशी बसलेला असे. संगणकावर त्या सूत्रधाराची स्मृती म्हणजे सेव्ह फाइल. अनेक जपानी खेळांत नायक आणि त्याची कथा आधीच ठरलेली असते. तिथे फाइल गेली तरी मेहनत करून त्याच कथेत परत पोहोचता येते. पाश्चात्त्य घडणीच्या खेळात पात्र मी घडवते, बाजू मी निवडते, आणि माझ्या निवडींमुळे जे जग उभे राहते ते दुसऱ्या कोणाच्या संगणकावर जसेच्या तसे नसते. १८७ तासांत घेतलेले शेकडो निर्णय मला आज क्रमाने आठवणार नाहीत. ते त्या फाइलला आठवत होते.

आपल्या खेळाचे सर्वांत मोठे बळही हेच आहे, आणि ते मी मनापासून मान्य करते. सुरुवातीच्या गावात मी एका विधवेचे चोरलेले बियाणे परत मिळवून दिले होते. त्या कामाचे मोल म्हणून मला एक जुनी लोकरी शाल मिळाली, तिचा लढाईत काही उपयोग नव्हता, तरी मी ती विकली नाही. साधारण साठ तासांनंतर वेढा पडलेल्या किल्ल्याच्या दाराशी मी अडले, तेव्हा पहारेकऱ्याने ती शाल ओळखली. तो त्या विधवेचा मुलगा होता, आणि ज्या दारासाठी मी मोठ्या लढाईची तयारी केली होती ते त्याने रक्त न सांडता उघडले. कोणतीही खूण नाही, सूचना नाही, नकाशावर बाण नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांना माझा नमस्कार कळवावा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की रविवारच्या दुपारी घरातच काढाव्या लागतात. यंदाच्या त्या सगळ्या दुपारी मी कूलरसमोर बसून आपल्या जगात घालवल्या, आणि त्यातली एकही वाया गेली असे २२ जूनपर्यंत मला वाटले नव्हते.

दोषही आहेत, आणि ते मी सहन केले. माझी पातळी वाढते तशी शत्रूंचीही वाढत जाते, त्यामुळे दलदलीतला साधा लांडगा शंभर तासांनंतरही पहिल्या दिवसाइतकेच घाव घेतो आणि बळ वाढल्याचे समाधान मिळत नाही. याच कारणासाठी २००६ च्या ऑब्लिव्हियन या खेळावर टीका झाली होती, तिथे पुढे पुढे वाटमारेदेखील दुर्मिळ चिलखते घालून समोर येत. किल्ल्याच्या प्रसंगात जो संयम आपण दाखवला तो इतर क्वेस्टमध्ये (खेळातल्या कामगिऱ्यांमध्ये) टिकत नाही; नकाशावरचा बाण इतका नेमका असतो की गावकऱ्याचे बोलणे पुरते ऐकावेही लागत नाही. २००२ च्या मोरोविंड या खेळात असा बाण नव्हता, लोक तोंडी खाणाखुणा सांगत आणि वाट आपण शोधायची असे. सोबत्यांची ठरावीक वाक्ये वीसेक तासांत पाठ होतात. शेवटची नगरी रिकामी वाटते, तिथली बहुतेक दारे उघडतच नाहीत. यातल्या कशासाठीही मी आपल्याला पत्र लिहिले नसते. जग एवढे मोठे असले की त्यात उणिवा राहणारच, हे मला समजते.

मोठ्या जगाची सेव्ह फाइल सांभाळणे अवघड असते, हेही मला समजते. उचललेली प्रत्येक वस्तू, मेलेला प्रत्येक शत्रू, उघडलेला प्रत्येक दरवाजा तिच्यात नोंदवावा लागतो. २०११ च्या स्कायरिम या खेळात प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रावर फाइल फुगत गेली की खेळ अडखळू लागे, ही गोष्ट या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच आपल्या निष्काळजीपणाला सबब उरत नाही. २००० साली आलेल्या बाल्डर्स गेट या खेळाच्या दुसऱ्या भागात १९९८ च्या पहिल्या भागातले आपले पात्र सोबत नेता येत होते. पंचवीस वर्षांपूर्वी एका खेळातून दुसऱ्या खेळात जे सुखरूप पोहोचत होते, ते आपल्याला एका अपडेटमधून पलीकडे नेता आले नाही.

माझ्या पहिल्या ईमेलला, २३ जून रोजी, यंत्राने पाठवलेली पोच आली. माणसाने लिहिलेले उत्तर यायला अकरा दिवस लागले, आणि त्यात ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत करा आणि खेळ पुन्हा इन्स्टॉल करा असे सांगितले होते. मी दोन्ही केले. दुसऱ्या उत्तरात पुन्हा तेच दोन उपाय आले. तिसऱ्या उत्तरात ग्राहक करारातील एका कलमाचा हवाला देऊन, साठवलेल्या माहितीची जबाबदारी कंपनी घेत नाही, असे कळवले गेले. फाइल मी हरवली असती तर हे कलम मला दाखवणे समजण्यासारखे होते. ती आपल्या अपडेटने बिघडवली आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ही मुदत २३ जुलै रोजी संपते. तोपर्यंत समाधान झाले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या ठिकाणी दाद मागता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून मी कंटाळून सोडून देईन, असा आपला हिशेब असेल तर तो चुकीचा आहे. पाचही फोनच्या तारखा आणि वेळा, तिन्ही ईमेल आणि फाइलींच्या वेळा दाखवणारी छायाचित्रे मी जपून ठेवली आहेत.

माझी पहिली मागणी पैशांची नाही. आपल्या सर्व्हरच्या राखीव साठ्यात माझ्या खात्याची २१ जूनची प्रत असेल, तर ती शोधून मला परत द्यावी. बदललेल्या फाइल दुरुस्त करणारे साधन आपल्याकडे असेल तर ते द्यावे. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर तसे आपल्या तांत्रिक विभागाने लेखी कळवावे आणि ५,४९८ रुपये परत करावेत. पुढच्या अपडेटपूर्वी जुन्या सेव्हची प्रत बाजूला ठेवण्याची व्यवस्था करावी, कारण ज्यांनी अजून अपडेट घेतलेले नाही त्यांच्यावर हीच वेळ येणार आहे. आणि कालच्या संभाषणाबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त करावी. मुलाला फोन द्या, मिस्टरांना फोन द्या, हे मी एकदा ऐकून घेतले. पुन्हा ऐकून घेणार नाही.

या खेळाची शिफारस मी कार्यालयातल्या दोघींना केली होती आणि त्यांपैकी एकीने तो घेतलाही. ८ जुलैला तिला मी सेव्ह फोल्डरची प्रत कशी काढायची ते शिकवले. पुढच्या विस्तारित भागासाठी मी पैसे बाजूला ठेवले होते, ते आता तसेच राहतील.

माझा क्रमांक आपल्या नोंदीत आहे. सायंकाळी सहानंतर फोन करावा. फोन मीच उचलेन, आणि खेळाबद्दल जे बोलायचे असेल ते माझ्याशीच बोलावे.

आपली ग्राहक,
(नाव व पत्ता नोंदणीकृत खात्यानुसार)
नागपूर