नाद आहे, हात लावू देत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला वेल्समधल्या टालिलिन रेल्वेवरचा लेख दोनदा वाचला. बंद पडू घातलेली छोटी रेल्वे हौशी माणसांनी 1951 च्या मे महिन्यात चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच घडलं, हे वाचून आनंद झाला. पण शेवटी लेखकाने लिहिलंय की असला नाद आपल्या लोकांना नाही. कोल्हापुरात बसून हे लिहिलं आणि तुम्ही ते छापलंत. मला रात्री झोप लागली नाही.

लेखाबरोबर चार फोटो, चारही इंजिनांचे. रुळांवर एक ओळ नाही. त्या मंडळींना पहिल्या वर्षी रडवलं ते रुळांनीच. शेजारच्या बंद झालेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी 25-25 पौंडांना घेतली. त्यातलं 3 नंबरचं चालवून बघितलं तर ते दोन रुळांच्या मधे खाली उतरलं. चाकं अरुंद आणि रूळ फाकलेले. तो हंगाम डोलगॉक नावाच्या एकाच म्हाताऱ्या इंजिनाने काढला. पुढे रूळ बदलायला लष्कराचे इंजिनिअर आले. इंजिनाला पॉलिश करायला माणसं मिळतात हो, पावसात खडी ठोकायला कोण येतं, ते लिहायला हवं होतं.

माझे वडील रुकडी-वळीवडे भागात कीमन होते, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारे रेल्वे कामगार. खांद्यावर हातोडा, हातात पाना, बगलेत लाल-हिरवी झेंडी. पहाटे निघायचं आणि आपल्या हद्दीतली एकेक चावी (रूळ घट्ट धरणारी पाचर), एकेक फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) बघत चालायचं. ठोका मारला की आवाजावरून त्यांना चावी ढिली झालेली कळायची. पंचगंगा फुगली की रात्री कंदील घेऊन पुलाकडे गस्तीलाही जायचे. मी त्यांची भाकरी घेऊन जायचो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलंय.

आता नादाचं सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या आवारात मीटरगेजची (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाईनची) जुनी ढकलट्रॉली, रूळ तपासायला माणसं ढकलत न्यायची ती गाडी, गवतात पडलेली मला दिसली. लाकूड कुजलेलं, चाकं गंजून बसलेली, पण सांगाडा शाबूत. आम्ही सहा जण जमलो. त्यात दोघे उद्यमनगरातले, एक लेथवाला, एक फौंड्रीत साचे करणारा. अर्ज दिला : आमच्या खर्चाने दुरुस्त करतो, दर रविवारी चार तास येतो, झाली की तुम्ही सांगाल तिथे उभी करतो. चालत्या लाईनवर बाहेरच्या माणसाला हात लावू देता येत नाही, हे कीमनच्या पोराला कुणी शिकवायला नको. आम्ही लाईन मागितलीच नव्हती. गवतातली एक ट्रॉली मागितली होती.

पहिल्या खेपेला अर्ज योग्य नमुन्यात नाही म्हणाले. दुसऱ्या खेपेला साहेबांची बदली झालेली. तिसऱ्या खेपेला गेलो तर गवत कापलेलं आणि जागा मोकळी. ट्रॉली भंगारात वजनावर गेली होती. आमच्या लेथवाल्याने तोवर गनमेटलचे चार बुश, म्हणजे आसाभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, मापाने काढून ठेवले होते, एक पैसा न घेता. त्यानंतर तो अशा कुठल्याच कामाला आला नाही. बुश माझ्या कपाटात आहेत, आपल्या लेखकाने येऊन हातात घेऊन बघावेत.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या चौकटीत कोल्हापूर-मिरज मार्ग पूर्वी ‘नॅरोगेज’ होता असं छापलंय. साफ चूक. 1891 साली सुरू झाली तेव्हापासून ती मीटरगेज होती आणि 1971 साली ब्रॉडगेज झाली. मिरजेला नॅरोगेज होती ती बार्शी लाईट, कुर्डुवाडीकडे जाणारी, अडीच फुटी. गेल्या वर्षी माझ्या पत्रातल्या ‘मीटरगेज’चं सुद्धा तुमच्याकडे कुणीतरी ‘नॅरोगेज’ केलं होतं, तेव्हा मी फोनही केला होता. निदान या वेळी दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको, रविवार पुरवणीतच छापा.

आपला,
एका कीमनचा मुलगा,
शाहूपुरी, कोल्हापूर