टेबल खालून बघायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. तळ्याकाठी आमच्या शेजारी तुमचा तंबू होता, आणि मैत्रिणीकडून मागून आणलेलं आमचं घडीचं टेबल डुगडुगताना बघून तुम्ही न बोलावता उठून आलात, एवढीच आपली ओळख. पुढे आम्ही स्वतःचं टेबल घेतलं ते बहुतांशी तुमच्या सांगण्यावरून. आभार पोहोचवायला दुसरा मार्ग नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. टेबल घ्यायच्या विचारात असलेल्या आणखी कुणाच्या कामी आलं तर तेही तुमच्याच खात्यावर.

पायाखाली दगड सारायला निघालेल्या माझ्या नवऱ्याला तुम्ही थांबवलंत. "आधी फिरवून बघा," म्हणालात आणि टेबल जागच्या जागी थोडंथोडं फिरवत नेलंत. पाव फेरा पुरा व्हायच्या आत चारही पाय जमिनीला टेकले. मला ती हातचलाखीच वाटली होती. नंतर वाचलं तर त्यामागे चक्क गणित निघालं. पाय सारख्या लांबीचे असतील आणि जमीन उंचसखल असली तरी मध्येच पायरीसारखी तुटलेली किंवा फार उतरती नसेल, तर चौरस टेबल फिरवताना पाव फेऱ्यात कुठेतरी चारही पाय टेकतातच; हे रीतसर सिद्ध झालेलं आहे. फक्त टेबल सपाट राहील याची हमी नाही. डुगडुगणं जातं, उतार राहतो. पेल्यातल्या पाण्याकडे बोट दाखवून तुम्ही तेही सांगितलं होतंत. म्हणूनच आता घेतलेल्या टेबलाचा प्रत्येक पाय वेगळा लांब-आखूड होतो. नुसती जोडीजोडीने उंची बदलणारी टेबलं आम्ही बाजूला ठेवली, कारण उतार नेमका त्या जोड्यांच्या दिशेने असेल तरच त्यांचा उपयोग.

त्याच ओघात तुम्ही रुरकी खुर्चीची गोष्ट सांगितलीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातल्या ब्रिटिश फौजेत वापरात आलेली ती घडीची खुर्ची खिळे-स्क्रूशिवाय जोडता-सोडता येते, आणि तिचे सांधे मुद्दाम सैल ठेवलेले असतात, म्हणजे खडबडीत जमिनीवर प्रत्येक पाय आपापली जागा शोधतो. बसणाऱ्याच्या वजनानेच ती घट्ट होते. टेबलाला मात्र असा सैलपणा चालत नाही, कारण त्याच्यावर कुणी बसत नाही. हा फरक तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आला नसता.

"टेबल खालून बघायचं," हे तुमचं वाक्य तर आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय. निवडायला गेल्यावर आम्ही प्रत्येक टेबल उलटं केलं. पायांमध्ये तिरपी दांडी आहे का? त्रिकोण आपला आकार सोडत नाही. चौकट मात्र एका बाजूने ढकलली की तिरकी होते. मग टेबल सरळ उभं करून एका कोपऱ्यावर तळवा ठेवायचा आणि समोरच्या कोपऱ्याच्या दिशेने हलकं ढकलायचं. वरून दाबून सगळीच टेबलं भक्कम वाटतात, खरी परीक्षा या आडव्या धक्क्याची. त्यात निम्मी तरी गळाली. सांधे रिव्हेटचे आहेत की नटबोल्टचे, तेही बघितलं. रिव्हेट सैल झालं की घरी काही करता येत नाही, बोल्ट पान्याने आवळता येतो. नळ्यांतून लवचिक दोरी ओवलेली टेबलं फार झटपट उभी राहतात, पण ती दोरी कधी ना कधी ढिली पडणारच, तेव्हा ती बदलता येते का हे आधी विचारावं. आणि पायांची टोकं! वाळूत किंवा ओल्या मातीत बारीक टोक आत जातं, पसरट जात नाही. आम्ही टोकांखाली ठेवायला लाकडाच्या चार चकत्या कापून घेतल्यात.

पण मला सगळ्यात उपयोगी पडला तो तुमचा साधा प्रश्न: "बसता कशावर?" टेबल बघायला निघालेल्या माणसाला खुर्चीबद्दल कुणी विचारत नाही. बैठकीपासून टेबलाचा वरचा भाग साधारण २५ ते ३० सेंटीमीटर वर असला की हात सुखाने टेकतो. घरातल्या खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटीमीटर उंच, म्हणून जेवणाचं टेबल ७० ते ७५ चं. कॅम्पिंगच्या रेलून बसायच्या खुर्च्या मात्र पुष्कळदा ३० च्या आसपास असतात. त्यांच्यासमोर नेहमीच्या उंचीचं टेबल ठेवलं की ताट छातीशी येतं, मुलांच्या तर हनुवटीशी. आम्ही आमच्या खुर्च्या मोजपट्टीने मोजल्या, तेव्हा मनात धरलेली सगळी टेबलं यादीतून गेली आणि ४५ ते ७० पर्यंत उंची बदलणारं आलं. गुडघ्यांचंही तसंच: आडवी दांडी खाली कुठून जाते ते प्रत्यक्ष बसूनच कळतं. लांबी-रुंदीचा प्रश्न त्या मानाने सोपा. एका माणसाला कडेची ६० सेंटीमीटर जागा धरायची, म्हणजे चौघांना १२० बाय ६० पुरतं.

धातूवरून तुमचा आणि नवऱ्याचा वाद रंगला होता तो मला आठवतोय. त्याला अ‍ॅल्युमिनियम म्हणजे तकलादू वाटायचं. तुम्ही म्हणालात, पोलादाच्या मानाने ते वजनाला साधारण एक तृतीयांश, पण ताठपणातही तेवढंच कमी, त्यामुळे त्याच मापाची नळी त्यात तिप्पट लवणार. मात्र पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं आणि ताठपणा आठपट. म्हणजे "अ‍ॅल्युमिनियम की पोलाद" हा प्रश्नच अर्धवट आहे, नळी केवढी आहे ते विचारायला हवं. पोलादी पायांवरचा रंग खरचटला की तिथून गंज धरतो, हाही मुद्दा होताच. नवरा अजून हार मानत नाही, पण टेबल अ‍ॅल्युमिनियमचंच आहे.

अमुक किलो पेलतं असं जे छापलेलं असतं, त्याबद्दलची तुमची ताकीद मी पुढे अनेकांना ऐकवलीय. तो आकडा बहुधा फळीभर सारख्या पसरलेल्या, न हलणाऱ्या वजनाचा असतो. पायांच्या बाहेर आलेल्या कडेवर कुणी कोपर टेकून भार दिला की हलकं टेबल उलटतं, मग छापलेलं काहीही असो. वाऱ्यासाठी पाण्याची पिशवी खाली मधोमध टांगायची युक्ती तर फुकटची आणि अगदी लागू पडणारी.

आणि शेगडी. प्लॅस्टिकची फळी बहुधा ज्या पॉलिथिनची असते ते १३० अंशांच्या आसपास वितळतं, तापलेल्या तेलाची कढई त्याच्या कितीतरी पुढे जाते. दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीला उष्णतेइतकीच पाण्याची भीती: कडेचं आवरण उघडलं की ती फुगते, आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. कापडाच्या टेबलावर शेगडीचं नावच नको. तुमच्यासारखंच आम्ही शेगडीला वेगळं, छोटं, धातूचं टेबल केलंय आणि ते तंबूच्या बाहेरच राहतं. तंबूत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्याला ना रंग, ना वास. वारा अडवायला लावायचा पत्राही गॅसच्या डब्याभोवती गुंडाळायचा नाही, डबा तापतो, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. बरं केलंत.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. तुम्ही गुंडाळी होणाऱ्या पट्ट्यांच्या टेबलाचे भक्त. लहानशा पिशवीत मावतं, पाऊस पडला तर पाणी फटींतून निथळून जातं, सगळं मान्य. पण आमच्याकडे टेबलावर जेवणापेक्षा पत्ते आणि चित्रकला जास्त चालते. फटींवर पेन्सिल अडकते, पेला तिरका बसतो, आणि सांडलेलं निथळतं ते थेट मांडीवर. म्हणून मधोमध दुमडणारं, सलग फळ्यांचं घेतलं. जड आहे. घडी करूनही ६० बाय ६० ची पेटी होते आणि गाडीच्या डिकीत ती सपाट, सगळ्यांत खालीच बसते. परिणामी मुक्कामावर पोहोचल्यावर जे सर्वात आधी लागतं तेच सर्वात शेवटी बाहेर निघतं, आणि तोवर सगळं सामान गवतात. उभी ठेवून पाहिली तर वळणावर आडवी होते. तुमच्याकडे यावर काही तोडगा असेल तर जरूर सांगा, पट्ट्यांचं घ्या एवढं सोडून.

तुमची ऋणी,
शेजारच्या तंबूतली