डब्यावर 'के', तुमच्या बिलावर 'सी', आणि चूक म्हणे माझी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी व व्यवस्थापन

विषय: 'मॉर्टल कॉम्बॅट 11' या व्हिडिओ गेमची खराब डिस्क बदलून न देणे, खेळाचं नाव बिलावर चुकीचं छापणे आणि ग्राहकाला नकली मालवाला ठरवणे.

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या माणसाने आज दुपारी बोलणं चालू असताना फोन ठेवून दिला. आता फोनवर बोलायचं नाही असं ठरवलंय. जे काही आहे ते लेखी.

मी तुमच्याकडून प्लेस्टेशन 4 साठी 'मॉर्टल कॉम्बॅट 11' ची डिस्क मागवली. पार्सल भुसावळला वेळेत आलं. डिस्कवर खालच्या बाजूने ओरखडा आहे, मशीन ती घेतं आणि परत बाहेर टाकतं. बदलून मिळावी म्हणून तुमच्याच साइटवरचा अर्ज भरला. त्यात खेळाचं नाव डब्यावर आहे तसं लिहिलं, म्हणजे इंग्रजीत 'कॉम्बॅट'ला 'के'. डब्याचा, डिस्कचा, बिलाचा फोटो जोडला. अर्ज नामंजूर. कारण दिलं की अर्जातली वस्तू बिलातल्या वस्तूशी जुळत नाही. तेव्हा बिल परत काढून पाहिलं. बिलावर तुम्ही 'सी' छापलाय.

डब्यावर 'के' आहे. डिस्कवर 'के' आहे. खेळ बनवणाऱ्यांच्या प्रत्येक जाहिरातीत 'के' आहे. जगात 'सी' फक्त तुमच्या बिलावर आहे.

आता आजचा फोन. मी सगळं शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "सर, कॉम्बॅटचं स्पेलिंग सी ने होतं. तुम्ही के टाकलाय, म्हणून सिस्टीम घेत नाही." मी म्हटलं, भाऊ, खेळाचं नावच तसं आहे, फोटो उघडून बघा. त्याने फोटो उघडला. थोडा वेळ गप्प. मला वाटलं, पटलं. तर म्हणाला, "सर, डब्यावर स्पेलिंग मिस्टेक आहे. असं नकली मालावर असतं. ही वस्तू आमची नाही." मी म्हटलं, डब्यावर तुमच्याच गोदामाचं स्टिकर आहे, ऑर्डर नंबरासकट. त्यावर त्याने विचारलं, "तुम्ही कुठून बोलताय?" भुसावळ, जळगाव जिल्हा. आणि मग तो म्हणाला, "हां, तिकडून इंग्लिश स्पेलिंगचे प्रॉब्लेम खूप येतात. मुलाला किंवा कुणा शिकलेल्याला अर्ज भरायला सांगा." मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं, तर फोन बंद.

शिकलेल्याला सांगा! हे वाक्य मी विसरणार नाही. ज्याच्यासमोर डब्याचा फोटो उघडा होता, त्याने मला हे ऐकवलं. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच सांगता, तेव्हा तो कॉल काढा आणि स्वतः ऐका.

हा खेळ काय आहे हे तुम्हाला सांगायला लागू नये, तुम्ही खेळ विकता. पण तुमच्या माणसांसाठी लिहितो. 1992 साली शिकागोच्या मिडवे कंपनीत एड बून, जॉन टोबायस आणि त्यांच्या छोट्या गटाने हा खेळ केला. नाव काही ठरेना. बून यांनी सांगितलेली हकीकत अशी, की कुणीतरी फळ्यावर 'कॉम्बॅट' लिहिलं होतं आणि दुसऱ्या कुणीतरी त्यातल्या 'सी'वर मुद्दाम 'के' काढला, जरा विचित्र दिसावं म्हणून. पिनबॉल मशीनचे डिझायनर स्टीव्ह रिची यांनी ते पाहिलं आणि 'मॉर्टल कॉम्बॅट'च नाव का ठेवत नाही, असं विचारलं. ते नाव टिकलं. पुढे तर तो 'के' त्या मालिकेची खूणच झाला: 2002 च्या भागापासून खेळातल्या विभागांची नावंही तशीच, 'क्रिप्ट' 'के' ने, 'कॉन्क्वेस्ट' 'के' ने. याच खेळावरून 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि 1994 मध्ये खेळांवर वयाचे शिक्के मारणारं मंडळ उभं राहिलं. इतक्या गाजलेल्या नावाला तुम्ही टंकलेखनाची चूक समजता?

आणि हे एकाच खेळाचं नाही. तुमच्या साइटवर मी मग बाकीची नावं शोधत बसलो. 'लेफ्ट 4 डेड' मध्ये आकडा आहे, कारण तो चौघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. तुम्ही आकडा काढून इंग्रजी 'फॉर' अक्षरांत लिहिलाय. सेगाचा 1987 सालचा 'फँटसी स्टार' 'पी-एच' ने आहे, तुम्ही 'एफ' केलाय. म्हणजे खऱ्या नावाने शोधलं की वस्तू सापडत नाही आणि सापडलेल्या वस्तूचं खरं नाव अर्जात लिहिलं की ती जुळत नाही. आपल्याकडे 2021 च्या 26 जानेवारीला 'फौजी' हा खेळ आला तेव्हा त्याचं इंग्रजी नाव 'एफ-ए-यू', मग आडवी रेघ, मग 'जी' असं होतं. तेही दुरुस्त करणार का?

माझे मेहुणे हायस्कूलला इंग्रजी शिकवतात. असल्या नावांनी पोरांचं स्पेलिंग बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. आमचा यावर वाद होतो आणि पुढेही होईल. पेपरात पोराने 'सी' लिहावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विशेषनाम ज्याने ठेवलं त्याचं असतं. ते आवडलं नाही म्हणून बदलायचा हक्क दुकानदाराला नाही. हे मेहुण्यांनाही मान्य आहे, त्यांनी तुमचं बिल पाहिलं तेव्हा तेही चिडले.

तुमचा माणूस 'तिकडून' म्हणाला, म्हणून तिकडचं सांगतो. ज्याचा शब्द त्याच्याच पद्धतीने लिहायचा, हे खान्देशात आम्ही लहानपणापासून जाणतो. माझी आजी गावाला 'भुसावय' म्हणायची, केळीला 'केयी'. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि 1952 साली पुस्तक निघालं ते त्यांच्या बोलीतच. कुणी 'न'चा 'ण' करत बसलं नाही, 'य'चा 'ळ' केला नाही. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आम्हाला स्पेलिंग शिकवू नका.

अजून एक. माझ्या बिलावर भुसावळचं इंग्रजी स्पेलिंग 'डब्ल्यू' ने आहे. अर्जात मी 'व्ही' ने लिहिलं. ते तुमच्या सिस्टीमने मुकाट्याने घेतलं. गावाच्या नावात एक अक्षर बदललं तर चालतं आणि डिस्कच्या नावात चालत नाही, हे कसं?

माझ्या मागण्या. डिस्क बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. बिल 'के' ने दुरुस्त करून पाठवा, कारण उद्या दुसरी डिस्क खराब निघाली तर परत हेच ऐकावं लागेल. साइटवरची नावं डब्यावर आहेत तशी करा. आणि त्या कॉलबद्दल लेखी माफी हवी, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हा तुमचा तयार मजकूर नको. नकली मालाचा आरोप आणि 'शिकलेल्याला सांगा' हे वाक्य, दोन्हींचा उल्लेख माफीत हवा.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुम्हाला बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. डबा, डिस्क, स्टिकर आणि बिल मी जपून ठेवलंय. आयोगासमोर डबा आणि बिल शेजारी ठेवीन. मग तुमच्या माणसाने तिथे येऊन सांगावं, नकली काय आहे ते.

तुमच्याकडून मी बरीच वर्षं खेळ घेतोय. भावाला, मित्रांना तुमचंच नाव सांगितलं. ते आता सांगणार नाही.

आपला ग्राहक,
भुसावळ, जि. जळगाव

सोबत: डब्याचा, डिस्कचा, गोदामाच्या स्टिकरचा फोटो आणि बिलाची प्रत