भट्टीवरच्या माणसाच्या रक्तातलं शिसं मोजा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी मधपाळ. मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या घेऊन कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर, डाळिंबाच्या बागांत मुक्काम करतो.

गेल्या पौषात एक तरुण पेट्यांपाशी आला. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला. पोटात कळा, रक्तात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं. "दादा, प्रोपोलिसनं लिव्हर साफ होतं म्हणतात, थोडं द्या ना." मोबाइलवरची जाहिरातही दाखवली. प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांची राळ आणून पेटीतल्या फटी बुजवायला वापरतात तो चिकट पदार्थ. मी तेव्हा पटाशीनं चौकटीवरचं प्रोपोलिसच खरवडत होतो. थंडीत ते काचेसारखं तडकतं, उन्हाळ्यात बोटांना चिकटलं की सुटत नाही. मी त्याला दिलं नाही.

जाहिरात सगळी खोटी नाही. उंदरांना शिसं किंवा कॅडमियमसारखा विषारी धातू देऊन जोडीला प्रोपोलिस दिलं, तर यकृताची हानी कमी होते, वाढलेली एन्झाइम्स खाली येतात, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. त्यातली फ्लेव्होनॉइड्स, म्हणजे वनस्पतींतून आलेली द्रव्यं, पेशी सांभाळतात. माझ्या माश्यांचं हे देणं, मला त्याचा अभिमान आहे. पण उंदराला शिसं मोजून, ठरलेले दिवस देतात. या पोराच्या श्वासातून ते रोज आत जातं आणि हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. त्याला आधी भट्टीपासून लांब न्यायला हवं. गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिसं काढणारी औषधं.

शिवाय राळ शोधताना माशी डांबरही उचलते. हमरस्त्याकडेच्या, भट्टीजवळच्या पेटीतल्या प्रोपोलिसमध्ये शिसंच उतरू शकतं. तेच औषध म्हणून घशाखाली जाणार!

साहेब, बॅटरी-भट्टीच्या कामगारांचं रक्तातलं शिसं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट तपासण्याची सोय करा. प्रोपोलिसची बाटली विकायच्या आधी तिची शिशासाठी तपासणी सक्तीची करा, आणि 'लिव्हर साफ' छापणाऱ्यांकडे माणसांवरचा पुरावा मागा. तो पुरावा उभा करण्यासाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं एकत्र बसवा. संस्था १९६२ पासून आहे, माणसं जाणकार आहेत. तपासलेलं, स्वच्छ प्रोपोलिस लागेल तेवढं मी माझ्या पेट्यांतून विनामूल्य देईन.

तो तरुण परवा बाजारात भेटला. अजून भट्टीवरच जातो. रक्तातलं शिसं कुणी तपासलंय का विचारलं, तर म्हणाला, "तसली तपासणी असते?"

आपला,
एक मधपाळ, नाशिक जिल्हा