चाई आधी आम्हाला दिसते, आम्हालाही शिकवा

संपादक महोदय,

पंचवटीत बावीस वर्षं माझं सलून आहे. डोक्यावरची चाई घरच्यांच्या आधी आम्हाला दिसते. कानामागे नाहीतर मानेच्या वर केस गेलेला, रुपयाएवढा गुळगुळीत गोल. कोंडा नाही, खाज नाही. मी गिऱ्हाइकाला एकच सांगायचो, "लसूण चोळा, येतील केस." दोन वर्षांपूर्वी माझ्या सातवीतल्या लेकीच्या कानामागे तसाच गोल निघाला. तिलाही मीच लसूण चोळला. कातडी भाजली, फोड आले, पोर रात्रभर रडली. ते माझ्या हातून झालं.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी तिची नखं पाहिली. सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे होते त्यांवर; रोज समोर जेवायला बसणाऱ्या आम्हाला कधी दिसले नव्हते. ही कीड नव्हे, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. सगळ्यांचे येतातच असं नाही, हेही सांगितलं. थायरॉइड तपासलं, दर महिन्याला चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं दिली. चौथ्या खेपेनंतर पांढरी लव आली, आता ती काळी होतेय.

मधल्या काळात शाळेने तिला वेगळ्या बाकावर बसवलं, "इतरांना लागेल" म्हणून. चाई स्पर्शाने, कंगव्याने, टॉवेलने पसरत नाही. शंभरातल्या साधारण दोघांना ती आयुष्यात कधी ना कधी होते. रामकुंडावर रोज मुंडणं होतात, तिथे कुणी वळून बघत नाही. पोरीच्या डोक्यावरच्या एका गोलाकडे मात्र सगळा वर्ग बघतो.

आम्ही शहरात, म्हणून निभावलं. सुरगाण्याचं माझं एक गिऱ्हाईक मजुरी बुडवून एसटीने पोराला इंजेक्शनसाठी नाशकात आणतं. अशाने उपचार मध्येच सुटतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसावेत. शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक खरूज, नायटा बघतं. त्यांनी चाईही बघावी आणि शिक्षकांना समजावून जावं. आरोग्य विद्यापीठ तर आपल्याच दिंडोरी रोडवर आहे. त्यांनी आम्हा सलूनवाल्यांसाठी एक शिबिर घ्यावं. सोमवारी ठेवा, माझं दुकान बंद असतं. आमच्या भागातले दहाजण मी घेऊन येतो.

— एक सलूनचालक, पंचवटी, नाशिक