बाबा, शनिवारी कान तपासू या

नेरुळ

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर काही सांगायला गेले की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहून पाठवतेय, मोठ्या अक्षरात.

गेल्या महिन्यात मी अल्झायमर टाळता येईल का, यावरच्या एका संशोधनात नाव दिलं. घाबरू नका, मला काही झालेलं नाही. काही न झालेलीच माणसं त्यांना हवी असतात. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लागतं ते विसरभोळेपणा दिसायच्या १५-२० वर्षं आधी. आपली आजी चराईच्या घरात बारा माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकायची, तेव्हाच तिच्या मेंदूत हे सुरू झालं असेल. त्या मधल्या वर्षांत काय करता येतं हे शोधायचं, तर धडधाकट माणसांनीच पुन्हा पुन्हा तपासून घ्यायला हवं.

पहिल्या दिवशी बीपी, रक्त झालं. मग काही शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने परत विचारले. १०० मधून ७ वजा करत जायला लावलं. शेवटी घड्याळ काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायची होती. काटे काढताना आजी डोळ्यांपुढे आली. मेथी निवडायला बसायची आणि पानं केराच्या कागदावर, देठं चाळणीत. आई, ती उठली की तू काही न बोलता पानं परत वेचून घ्यायचीस. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे व्हायचंच, आणि आपणही तेच धरून चाललो. चार वर्षं तशीच गेली. त्याची रुखरुख मला अजून आहे.

सही करायच्या आधी सगळी माहिती मराठीत वाचायला मिळाली. मधेच सोडावंसं वाटलं तर कारणही सांगावं लागत नाही.

बाबा, आता तुमच्याबद्दल. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), धोका वाढवणारी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, साखर, सिगारेट, एकटेपणा आपल्याला ठाऊकच आहे. (आई, "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी चुकवू नकोस.) पण कमी ऐकू येणंही त्यातच आहे, हे मला नवीन होतं. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्राने फरक पडला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्यात स्मरण-विचारशक्तीची घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली.

कचराळी तलावावर तुम्ही हल्ली चार फेऱ्या मारता आणि थेट घरी येता, कट्ट्यावर बसत नाही. आईला वाटतं मूड नसतो. मला वाटतं, चौघं एकदम बोलायला लागले की तुम्हाला शब्द लागत नाहीत आणि दर वेळी "काय?" विचारणं जड जातं. बाबा, यात कमीपणा काहीच नाही. चष्मा लागला तेव्हा कुठे वाटला होता?

शनिवारी सकाळच्या गाडीने ठाण्याला येतेय. नौपाड्यात कान तपासायची साडेअकराची वेळ घेतली आहे. संशोधनात नाव द्यायचं की नाही ते तुम्ही दोघं सावकाश ठरवा. कान मात्र शनिवारी.

तुमची,
मनू